तरवड: ओळख, वेचणी आणि घरगुती औषधी उपयोगाची रीत

भाद्रपद सरत आला की सोलापूर, बीड, धाराशिव आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या कोरड्या माळांवर, शेतांच्या बांधांवर आणि रेल्वेच्या रुळांकडेला तरवड पिवळाजर्द फुलतो. खेड्यापाड्यांत घटस्थापनेनंतर घटावर कारळ्याच्या फुलांबरोबर याच फुलांच्या माळा चढतात. त्याच दिवसांत तेलंगणात बतुकम्मा हा फुलांचा थर रचताना तंगेडू या नावाने हेच फूल लागते. ते त्या राज्याचे राज्यपुष्प आहे, आणि सोलापुरातील तेलुगू भाषक विणकर कुटुंबांनाही ते तितकेच ओळखीचे आहे. तमिळनाडूत हेच फूल आवारम्पू म्हणून वाळवून त्याचा काढा घेतात, तर श्रीलंकेत त्याचाच रणवरा हा रोजच्या पिण्यातला चहा मानला जातो. आपल्याकडे मात्र देवीपुरते फूल तोडले की वर्षभर या झुडपाकडे सहसा कोणी पाहत नाही, आणि अलीकडे पाहणारे जे आहेत ते बहुधा ‘मधुमेहावर रामबाण’ असा संदेश मोबाईलवर वाचून आलेले असतात.

तरवड कामाचा आहे, परंतु रामबाण नाही. त्याचे फूल आणि त्याची साल यांचे काही घरगुती उपयोग परंपरेने टिकून आहेत आणि ते नीट करता येतात. पण त्यासाठी झुडूप अचूक ओळखणे, योग्य भाग योग्य रीतीने सुकवणे आणि कोणी घेऊ नये हे आधी ठरवणे, या तीन गोष्टी प्रत्यक्ष कृतीहून महत्त्वाच्या आहेत. म्हणून या लेखात पाककृतीपेक्षा ओळखीला आणि पथ्याला अधिक जागा दिली आहे.

झुडूप ओळखण्याची रीत

तरवडाचे शास्त्रीय नाव सेन्ना ऑरिक्युलाटा. जुन्या पुस्तकांत ते कॅशिया ऑरिक्युलाटा असे आढळेल. संस्कृतात त्याला आवर्तकी म्हणतात. शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या मोठ्या कुलातले हे झुडूप सहसा पुरुषभर उंचीचे असते, जमिनीपासूनच अनेक फांद्या फुटून पसरते, आणि पाऊस कमी पडणाऱ्या, निचऱ्याच्या, मुरमाड जमिनीत सुखाने वाढते. माण-खटाव, जत-आटपाडी, इंदापूर या पट्ट्यात ते मुबलक आहे. कोकणात आणि घाटमाथ्यावर क्वचितच भेटते. गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे चराईने उजाड झालेल्या माळावरही ते तग धरून राहते.

अडचण अशी की याच गोतावळ्यातली पिवळ्या फुलांची अनेक झाडेझुडपे आपल्या आसपास आहेत आणि फूल लांबून पाहून ओळख पटवणारा माणूस हमखास फसतो. म्हणून फुलावर न थांबता आधी पान पाहावे. तरवडाचे पान संयुक्त असते. मधल्या दांड्यावर समोरासमोर साधारण आठ ते बारा जोड्या पर्णिका लागलेल्या असतात, टोकाला एकटी पर्णिका नसते, आणि पर्णिकांच्या प्रत्येक जोडीच्या मधोमध एक बारीक उभी ग्रंथी दिसते. त्यानंतर पानाचा देठ फांदीला जिथे चिकटतो तिथे नजर न्यावी. तिथे दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखी रुंद, गोलसर, हिरवी उपपर्णे असतात आणि पान जून झाले तरी ती बराच काळ गळत नाहीत. ही रुंद उपपर्णे दिसली नाहीत तर झुडूप कितीही तरवडासारखे वाटले तरी फुले तोडू नयेत, इतकी ही खूण महत्त्वाची आहे.

फुलात पाच पाकळ्या असतात. त्या किंचित सुरकुतलेल्या, कडेला लहरी आणि शिरा स्पष्ट दिसणाऱ्या असतात. पुंकेसर दहा, पण त्यांतले वरचे तीन वांझ आणि खालचे लांब, वाकलेले. परागकोश उभे फाटत नाहीत, त्यांच्या टोकाला बारीक छिद्रे असतात. काळा भुंगा फुलाला बिलगून गुणगुणतो तेव्हा त्या थरथरीने पराग बाहेर उडतो, आणि सकाळच्या वेळी झुडपापाशी दोन मिनिटे उभे राहिले तर हा प्रकार उघड्या डोळ्यांनी पाहता येतो. शेंग चपटी, पातळ, कागदासारखी, बोटभर लांब असते आणि वाळली की आतल्या बिया बाहेरून मोजता येतात.

आता चकवा देणाऱ्या झाडांविषयी. टाकळा पावसाळी आहे, गुडघा-कमरेएवढा वाढतो आणि त्याच्या पानात पर्णिकांच्या तीनच जोड्या असतात, त्यामुळे तिथे घोटाळा सहसा होत नाही. बागेत आणि रस्त्याच्या दुभाजकांवर लावलेला शोभेचा पिवळा कॅशिया मात्र बराच सारखा दिसतो. त्याची उपपर्णे अरुंद असतात. सर्वांत सावध राहावे ते कासविंद्यापासून. त्याच्या पर्णिका टोकदार, चार ते सहा जोड्या, पान चुरडले तर उग्र वास, शेंग लांब. पश्चिम उत्तर प्रदेशात कासविंद्याच्या बिया खाऊन लहान मुलांना यकृत, स्नायू आणि मेंदू यांवर आघात करणारा गंभीर आजार झाल्याचे वैद्यकीय तपासात निष्पन्न झाले आहे. तेव्हा ‘एकाच कुळातली, चालून जाईल’ हा विचार इथे कामाचा नाही. पिवळ्या कण्हेरीचे झाड तरवडाशी मुळीच मिळतेजुळते नाही, परंतु बाजारात मिळणाऱ्या चुरा झालेल्या वाळक्या पिवळ्या पाकळ्यांत काय काय मिसळले आहे हे सांगता येत नाही, आणि कण्हेर हृदयाला घातक आहे. ज्यांना झुडूप स्वतः ओळखून फुले आणता येतील त्यांनीच घरी आणावीत. इतरांनी खात्रीच्या आयुर्वेदिक औषध दुकानातून अख्खी सुकी फुले घ्यावीत, पूड घेऊ नये.

फुले कधी आणि कुठून वेचावीत

पावसाळा ओसरल्यापासून थंडी पडेपर्यंतचा काळ वेचणीला उत्तम. सकाळी दव उडाल्यावर, ऊन चढण्याआधी त्याच दिवशी उमललेली फुले तोडावीत. ओल्या फुलांना वाळवताना बुरशी धरते आणि दुपारची फुले मलूल झालेली असतात. एका झुडपावरची निम्म्याहून अधिक फुले घेऊ नयेत, कारण भुंगे-मधमाश्यांनाही तीच लागतात आणि पुढच्या वर्षीचे बीही त्यांतूनच धरते.

महामार्गाच्या कडेचे तरवड दिसायला सर्वांत फुललेले असतात, पण त्यांवर धूर आणि धूळ बसलेली असते. द्राक्षबाग, डाळिंबबाग किंवा कापसाच्या शेताच्या बांधावरची फुलेही टाळावीत. फवारणीचे अंश पाकळ्यांवर येतात आणि ते नुसत्या पाण्याने जातील याची खात्री नसते. पडीक माळ किंवा कोरडवाहू ज्वारीचा बांध ही त्यातल्या त्यात चांगली जागा. बांध कोणाचा तरी असतोच, तेव्हा मालकाला विचारून तोडावे. राखीव वनातून काही आणायचे असेल तर वनखात्याची परवानगी लागते.

वाळवणे आणि साठवणे

घरी आणल्यावर फुले सुपात पसरून तासभर ठेवावीत, म्हणजे आतले बारीक किडे-मुंग्या आपोआप बाहेर पडतात. मग देठ आणि कळ्या वेगळ्या कराव्यात. काही जण पाकळ्याच घेतात, काही अख्खे फूल. पिण्यासाठी पाकळ्या घेणे बरे, कारण पुंकेसरांतला पराग काहींच्या घशाला खवखवतो. पाकळ्या एकदा स्वच्छ पाण्यातून चटकन काढून, निथळून, सुती कापडावर एकेरी थरात सावलीत पसराव्यात. उन्हात वाळवल्या तर रंग उडतो. हवा खेळती असेल तर चार ते सहा दिवसांत त्या खडखडीत होतात. लिंबासारखा पिवळा रंग जाऊन त्यांना तपकिरी-केशरी छटा येते आणि शिरा ठळक दिसू लागतात. बोटांत चुरडली की पाकळी मोडली पाहिजे. वाकली तर अजून ओल आहे असे समजावे.

साठवण काचेच्या हवाबंद बरणीत करावी, बरणीवर महिना लिहावा आणि वर्षाच्या आत संपवावी. झाकण उघडताच कुबट वास आला किंवा आतून दमटपणाचा थर दिसला तर पूर्ण बरणी टाकून द्यावी. वरच्या चार पाकळ्या काढून बाकीच्या वापरण्याची काटकसर इथे नको.

फुलांचा फांट

आयुर्वेदाच्या परिभाषेत तरवड तुरट-कडवट रसाचा, थंड गुणाचा आणि स्तंभन करणारा, म्हणजे स्राव रोखणारा, मानला जातो, आणि फुलांचा मुख्य परंपरागत वापर प्रमेह (मधुमेहासारखे लघवीचे विकार), वारंवार लघवीला होणे आणि अंगातली उष्णता यांवर आहे. कठीण मुळ्या-सालींचा काढा बराच वेळ उकळून आटवतात, पण नाजूक फुलांना ती रीत मानवत नाही. त्यांचा फांट करावा, म्हणजे उकळते पाणी ओतून झाकून ठेवावे.

एका माणसासाठी एक सपाट छोटा चमचा वाळलेल्या पाकळ्या किंवा आठ-दहा ताज्या फुलांच्या पाकळ्या पुरतात. पाणी एक कप, सुमारे २०० मिलीलिटर. पाणी उकळून आच बंद करावी, पाकळ्या टाकाव्यात, आठ ते दहा मिनिटे झाकून ठेवावे आणि गाळून कोमट प्यावे. रंग फिकट सोनेरी येतो. चव हलकी कडवट, शेवटी किंचित तुरट. आवडीप्रमाणे आल्याचा तुकडा किंवा दोन वेलदोडे चालतात. साखर वा गूळ घातलाच तर निदान तो मधुमेहावरचा उपाय म्हणून पिऊ नये, एवढे भान असावे. भांडे स्टीलचे, काचेचे किंवा मातीचे घ्यावे. तरवडात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते. लोखंडी भांड्यात ते लोहाशी संयोग पावून पाणी शाईसारखे काळे होते.

प्रमाण दिवसातून एक कप, तेही आठवड्यातून तीन-चार दिवस आणि सलग तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही, असे ठेवावे. श्रीलंकेत लोक तो रोज पितात हे खरे, पण त्याच देशातल्या संशोधकांनी १९८१ साली पारंपरिक औषधी वनस्पतींची तपासणी केली तेव्हा यकृताला अपाय करणारी पायरोलिझिडीन वर्गातली अल्कलॉइडे ज्या मोजक्या वनस्पतींत आढळली त्यांत तरवडाचा समावेश होता, आणि उंदरांच्या यकृतावर दुष्परिणामही दिसले. अशा द्रव्यांचा धोका एका कपाने नव्हे तर वर्षानुवर्षांच्या साठलेल्या सेवनाने वाढतो. म्हणून रोजच्या चहाची जागा तरवडाला देणे मला पटत नाही.

मधुमेहाचे रुग्ण आणि तरवड

चिदंबरमच्या अण्णामलै विद्यापीठासह अनेक ठिकाणी मधुमेह निर्माण केलेल्या उंदरांवर फुलांच्या जलीय अर्काचे प्रयोग झाले आणि त्यांत रक्तशर्करा उतरल्याचे दिसले. उंदरांना वजनाच्या मानाने दिलेली मात्रा आणि आपल्या कपातल्या चमचाभर पाकळ्या यांत मोठे अंतर आहे, आणि उंदराच्या प्रयोगावरून माणसाची गोळी बंद करता येत नाही. तमिळमध्ये म्हण आहे की आवारं फुललेले असताना मरणारा कोणी पाहिला आहे का. म्हण म्हणून ती गोड आहे, मात्र इन्सुलिन घेणाऱ्याने तिच्यावर विसंबू नये. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणे हा १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यानुसार गुन्हा आहे, त्यामुळे पाकिटावर तसा दावा छापलेला असेल तर तेवढ्यावरूनच विक्रेत्याची पारख करावी.

तरीही ज्यांना फांट घ्यायचाच आहे त्यांनी पुढील क्रम पाळावा. आधी आपल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगावे; ‘आयुर्वेदिक आहे, सांगायची काय गरज’ ही समजूत आपल्या घरांत फार खोल रुजलेली आहे. सुरू करण्यापूर्वी आठवडाभर उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर ग्लुकोमीटरवर मोजून वहीत लिहावी. सुरू केल्यावरही त्याच वेळांना मोजत राहावे. गोळ्या आणि इन्सुलिन जसेच्या तसे चालू ठेवावे. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्यांत साखर एकदम उतरण्याचा धोका असतोच, त्यात भर नको. दरदरून घाम, हात थरथरणे, छातीत धडधड, डोके गरगरणे असे काही वाटले तर लगेच साखर मोजावी. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, किंवा मोजायला यंत्र हाताशी नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. फांटाने खरोखर काही फरक पडला का, हे एका दिवसाच्या आकड्यावरून ठरत नाही. तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीएवनसी तपासणी त्यासाठी असते, आणि त्या काळात चालणे वाढले, भात कमी झाला, तर श्रेय कोणाला द्यायचे हाही प्रश्न उरतोच.

सालीच्या गुळण्या

तरवडाची साल एके काळी औषधापेक्षा चामड्यासाठी प्रसिद्ध होती. बाभूळ आणि हिरड्याबरोबर ती कातडी कमावण्यास वापरत, आणि दक्षिणेत तर मद्रासहून परदेशी जाणाऱ्या अर्धवट कमावलेल्या कातड्यांचा मोठा व्यापार या सालीवर उभा होता. पुढे दक्षिण आफ्रिकेतून येणाऱ्या वॉटल या झाडाच्या सालीने तिची जागा घेतली. जे टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना घट्ट बांधते तेच हिरड्यांच्या सुजलेल्या, रक्ताळणाऱ्या ऊतींना आकसवते. तोंड येणे, हिरड्या सुजणे, घसा खवखवणे यांवर सालीच्या गुळण्या करण्याची प्रथा त्यातून आली असावी असे मानण्यास जागा आहे.

मुख्य खोडाची साल कधीही काढू नये, आणि कोणत्याही फांदीची साल गोल वळसा घालून सोलू नये, कारण त्याने वरचा भाग मरतो. अंगठ्याएवढ्या जाडीची एक बाजूची फांदी कोयत्याने तिरकी छाटावी आणि छाटलेल्या फांदीचीच साल उतरवावी. साल सावलीत वाळवून खलबत्त्यात भरड करावी. दोन पेले पाण्यात दोन चमचे भरड घालून मंद आचेवर एक पेला उरेपर्यंत उकळावे, गाळून थंड करावे आणि दिवसातून दोन वेळा तोंडात अर्धा मिनिट खेळवून थुंकावे. हा काढा गिळायचा नाही. ताजाच वापरावा, दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. आठवड्यात आराम पडला नाही, किंवा तोंडातली जखम पंधरा दिवसांत भरली नाही, तर दंतवैद्याकडे जावे. तंबाखू खाणाऱ्याने तर वाटच पाहू नये.

उटणे

हा सर्वांत निर्धोक आणि खरे तर सर्वांत सुखाचा उपयोग. वाळलेल्या पाकळ्यांची पूड वस्त्रगाळ करावी, तिच्या दुप्पट मुगाचे पीठ मिसळावे, चिमूटभर हळद घालावी. लावण्याच्या वेळी ताक, गुलाबपाणी किंवा साध्या पाण्यात कालवून अंगाला चोळावे आणि पूर्ण वाळण्याआधी धुवावे, नाहीतर त्वचा ओढल्यासारखी होते. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून एक दिवस पाहावे. शिकेकाईत मिसळून केस धुण्यासही ही पूड चालते.

कोणी घेऊ नये आणि काय करू नये

गर्भवती व स्तनदा माता, लहान मुले आणि यकृताचा कोणताही आजार असलेले यांनी तरवड पोटात घेऊ नये. आकडीवरची कार्बामाझेपीन ही गोळी घेणाऱ्यांनीही घेऊ नये: श्रीलंकेत उंदरांवर झालेल्या प्रयोगात तरवडाच्या चहाबरोबर या औषधाचे रक्तातले प्रमाण बरेच चढल्याचे आढळले, आणि या औषधाची मात्रा थोडी जरी चढली तरी त्रास होतो. रक्तक्षय असलेल्यांनी जेवणाबरोबर आणि लोहाच्या गोळीबरोबर फांट घेऊ नये, कारण टॅनिनमुळे लोह कमी शोषले जाते. किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. अंगावरून पांढरे जाण्यावर फुले देण्याची प्रथा आहे, पण ज्या स्त्रियांना तो त्रास असतो त्यांच्यात रक्तक्षयही वारंवार आढळतो, तेव्हा आधी तपासणी करून घ्यावी हे बरे.

डोळे आल्यावर बियांची पूड डोळ्यांत फुंकण्याचा उपाय जुन्या नोंदींत सापडतो. तो करू नये; घरच्या पुडीने बुबुळावर ओरखडे पडतात आणि जंतुसंसर्ग वाढतो. बिया आणि पाला घरगुती वापरातून वगळावेत, वैद्याने समोर बसून दिले तर गोष्ट वेगळी.

घराजवळ लावायचा असेल तर

पौष-माघात वाळलेल्या शेंगांतून बी काढावे. बियांचे कवच कठीण असते, म्हणून उकळी आलेले पाणी आचेवरून उतरवून, थोडे निवल्यावर त्यात बी टाकावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी फुगलेले बी पेरावे, न फुगलेल्याला पुन्हा तीच प्रक्रिया द्यावी. पिशवीत रोप करून पहिल्या दोन दमदार पावसांनंतर बाहेर लावावे. कुंपण करायचे असेल तर हातभर अंतर पुरते, एकेकटी झुडपे हवी असतील तर सहा-सात फूट सोडावे. पाणी साचणारी जागा टाळावी. शेणखत मूठभर असले तरी चालते. शेंगवर्गीय असूनही या गटातल्या बहुतेक वनस्पतींच्या मुळांवर नत्राच्या गाठी धरत नाहीत, त्यामुळे जमीन आपोआप सुपीक होईल अशी अपेक्षा ठेवू नये. पाला मात्र हिरवळीचे खत म्हणून जमिनीत गाडता येतो. फुलांचा बहर नव्या फांद्यांच्या टोकाला येतो, त्यामुळे उन्हाळ्याच्या अखेरीस झुडूप निम्म्यावर छाटावे, आणि सालीसाठी ज्या फांद्या हव्या असतील त्या त्याच छाटणीतून काढाव्यात, म्हणजे वेगळी तोड करावी लागत नाही.